बाबल्या पाडेल्याची हाक

वकीलसाहेबांनी ऑफिस बंद केलं तेव्हा मला दोन वस्तू दिल्या. एक भिंतीवरचं घड्याळ, ज्याला बारा वर्षं मीच किल्ली देत होते, आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा हलका लागला. म्हटलं रिकामा असेल, रवा ठेवायला होईल. घरी येऊन उघडला तर आत माझ्याच चिठ्ठ्या.

"दूध नासले. चहा कोरा आहे." ही पहिली. "बाकावरचा माणूस म्हणतो तो त्या दिवशी घरी होता. त्याची बहीण म्हणते नव्हता." ही दुसरी. "आतल्या माणसाने आपल्याला खोटे सांगितले. त्याची आई चुलीपाशी रडते आहे. साखर आणायची आहे." असल्या पंधरावीस तरी होत्या. साहेबांनी एकही टाकली नव्हती. त्या वाचून मला लाज वाटली आणि हसूही आलं. म्हणून ही वही घेतली. कुणाला दाखवायची नाही, पण एक गोष्ट लिहून ठेवायची आहे.

मी चौथी शिकलेली. अठ्ठ्याण्णव साली साहेबांकडे झाडू मारायला, पाणी भरायला आणि चहा करायला लागले. कामावर घेताना त्यांनी विचारलं, "बोलता येतं ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बाकीचे वकील जमिनीच्या केसेस घेत. बांध सरकला, आंब्याची फांदी पलीकडे गेली, वाटेत दगड टाकला. आमचे साहेब फौजदारी करत, आणि त्यातही ज्या केसला दुसरे वकील हात लावत नसत त्या त्यांच्याकडे येत. बाईवर जबरदस्ती केल्याचा आळ ज्याच्यावर आहे, त्याची केस. ते शब्द मला आजही लिहायला जड जातात. तेव्हा तर ऐकू आले की मी नळ सोडायची.

असल्या केसची माणसं दारात आली की काय म्हणत? "जमिनीची केस आसा." एकजात सगळे. मी त्यांना लगेच ओळखायला शिकले. खरी जमिनीची केस असली की दोन भाऊ येतात आणि पायरीपासूनच मोठ्यानं बोलतात. ही केस असली की सगळं घर येतं आणि कुणीच बोलत नाही. पुरुष साहेबांसमोर बसतात, बायका सरळ माझ्याकडे, चुलीपाशी. साहेबांना जे कळत नसे ते मला तिथं कळे. कळलेलं सांगायची माझी हिंमत नव्हती. मग एकदा मी कागदाच्या कपट्यावर लिहून कप-बशीच्या मध्ये ठेवलं. साहेबांनी चहा प्यायला, चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. खरं." त्या दिवसापासून ती आमची रीतच पडली.

आता खंतही लिहिते. सगळे निर्दोष नव्हते. वाडीतल्या बायका मला टोचत, "तुजो वकील असल्यांका सोडयता, आनि तू तेंका चाय पाजतंस." मी एकदा हे चिठ्ठीवर लिहून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारी वकिलाचं. माझं काम एवढंच, की पुरावा नसताना कुणी आत जाऊ नये. डॉक्टरकडे चोर गेला तर तो औषध देतोच ना?" मला ते पटलं, पण रात्री झोप येण्याइतकं नाही. एक माणूस सुटला तेव्हा पेढे घेऊन आला होता. त्याच्याबद्दल मी चिठ्ठी दिली होती, "हा खोटा वाटतो." साहेबांनी पेढा घेतला, फायलीवर ठेवला आणि मुंग्या लागेपर्यंत तसाच राहू दिला.

आता बाबल्याचं.

बाबलो आमच्या वाडीचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. आमची वाडी समुद्राकडची, पुरुष पहाटे होडीवर जातात ते दुपारी येतात. घराघराच्या मागे आंघोळीची जागा, चारी बाजूंनी विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधलेले आणि वर आभाळ. म्हणजे माडावर चढलेल्या माणसाला अख्ख्या वाडीच्या न्हाण्या दिसतात. म्हणून आमच्याकडे रिवाज आहे. पाडेल्यानं माडाला हात लावण्याआधी हाक मारायची आणि बायकांनी ती ऐकली की अंगावर लुगडं ओढून आत जायचं. प्रत्येक पाडेल्याची हाक वेगळी. बाबल्याची, "माडार चडतंय होऽऽऽ", आणि शेवटी आवाज फाटायचा, कोंबडा आरवता आरवता पडल्यासारखा. तो दर माडाला हाक मारायचा. घराला कुलूप असलं तरी मारायचा. काशीकाकी म्हणायची, "हो मेलो कुलपाक पण लाजता." काशीकाकी माझी शेजारीण. तिचं तोंड आणि माझं तोंड देवानं वाटताना काहीतरी गडबड केली असणार, माझ्या वाट्याचंही तिलाच गेलं.

असल्या बाबल्याला पोलिसांनी उचललं.

आमच्या वाडीपलीकडे एक व्हाळ आहे, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. त्याच्या पलीकडे काजूची बाग. तिथं एका बाईवर एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला अत्याचार झाला. तिचं नाव मी लिहिणार नाही, कोर्टाच्या बाहेर ते कुणी घ्यायचं नसतं. मागून कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबला. चेहरा तिनं पाहिला नाही. कमरेला कोयता होता एवढं तिला दिसलं, आणि तेवढंच तिनं सांगितलं. पोलिसांनी विचार केला, कमरेला कोयता कुणाच्या असतो? पाडेल्याच्या. त्या दिवशी आसपास पाडेली कोण होता? बाबलो. झालं.

त्याची बायको सरू ऑफिसात आली आणि दारातच म्हणाली, "जमिनीची केस आसा."

मी तिला म्हटलं, "सरू, तुमका जमीन खंय आसा?"

"नाय गो," ती म्हणाली आणि माझ्याच खांद्यावर रडायला लागली.

साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "त्या बाईवर जे झालं ते झालंय. त्याबद्दल आपण एक शब्द बोलायचा नाही. आपण फक्त म्हणायचं, तो माणूस बाबलो नव्हे. अकरा वाजता तो कुठं होता?"

"काशीकाकीच्या माडार."

"कुणी पाहिलं?"

तिथंच घोडं अडलं होतं. पुरुष सगळे होडीवर. बायका सगळ्या वाडीत, सगळ्यांनी हाक ऐकली, आणि हाक ऐकली म्हणून सगळ्या आत गेल्या. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण न पाहणं हाच तर रिवाज. साहेब मूळचे शहरातले. त्यांना हे समजावताना सरूची अर्धी सकाळ गेली. शेवटी ते म्हणाले, "ऐकलं तरी पुरे आहे. चार बायका येऊन सांगू देत, अमुक वाजता अमुक हाक ऐकली."

मी संध्याकाळी काशीकाकीला विचारायला गेले. म्हणजे तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तीच म्हणाली, "काय ता बोल."

मी सांगितलं.

"बरा. जज माका इचारतलो, हाक आयकलंस तेव्हा तू काय करी होतंस? मी काय सांगू? न्हात होतंय म्हणान? चार कोटवाल्यांफुडे?"

"खरा ताच ना, काकी?"

"खरा आसा म्हणान सांगूक व्हया असा खंय लिवला हा?" मग ती जरा विचार करून म्हणाली, "सांगतंय, भात कांडी होतंय."

हे मी चिठ्ठीवर लिहून साहेबांना दिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "भात कांडत होती तर हाक ऐकून आत का गेली, असं सरकारी वकील विचारील. मग काय सांगणार? भाताला लाज वाटली?" बाकीच्या बायकांचंही तेच. एक म्हणाली मुलीचं लग्न जमायचंय, एक म्हणाली सासू परवानगी देणार नाही. सासूनं तर परवानगी दिली होती, फक्त म्हणाली होती की स्वतः येणार नाही, कारण तीही तेव्हा न्हाणीतच होती.

बाबल्याला जामीन मिळाला नाही. साहेब रोज विचारत, "मिळाली कुणी?" आणि मी मान हलवत असे. कशी हलवत होते ते त्यांना कळत नसे.

कारण खरी गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती. तो रविवार होता. रविवारी ऑफिस बंद. म्हणजे मीही घरी होते, आणि मीही ऐकली होती हाक. डोक्यावर साबण होता. साबण न धुता आत पळाले आणि डोळे चुरचुरले, म्हणून नीट आठवणीत होतं.

सतरा दिवस मी ते पोटात ठेवलं. अठराव्या दिवशी लिहिलं, "मी पण ऐकली. मी न्हात होते." चहाखाली ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग साहेब स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे येऊन उभे राहिले आणि भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "धीर केलास. पण तू माझ्याकडे कामाला. सरकारी वकील म्हणेल, वकिलाच्या चुलीवरची साक्ष आहे. तुझ्या एकटीनं भागणार नाही." जाता जाता म्हणाले, "चहा चांगला झालाय." त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली होती, हे मला नंतर कप धुताना कळलं.

इकडे वाडीत नारळ पिकून आपोआप पडायला लागले. एक काशीकाकीच्या कौलांवर पडला. मग तिच्या मुलानं बाहेरून दुसरा पाडेली आणला. तो तरणा होता, झपझप चढायचा आणि हाक मारायचा नाही. त्याच्या गावाकडे बाथरूमवर पत्रे आले होते.

त्या सकाळी काशीकाकीची किंकाळी मी माझ्या न्हाणीतून ऐकली. ती ओल्या लुगड्यानिशी अंगणात उभी होती आणि माडाच्या शेंड्याकडे बघून बोलत होती. ती काय बोलत होती ते वहीतसुद्धा लिहिता येणार नाही. पाडेली वरून म्हणत होता, "मी काय बघलंय नाय, काकी." काकी म्हणाली, "बघलंस नाय तर मी काकी ता कसा कळला तुका?"

त्या संध्याकाळी तीच माझ्या अंगणात आली. तिच्या मागे आणखी तिघी. "तुज्या वकिलाक सांग," ती म्हणाली, "आमी येतलो. बाबल्याक भायर काडूकच व्हयो. न्हात होतंय तर न्हात होतंय. जज काय न्हायत नाय?"

तरी साहेबांना एक काळजी होती. चौघी वाडीच्याच, चौघी ओळखीच्या. कोर्ट म्हणू शकतं, शेजाऱ्याला वाचवायला आल्या. मला रात्रभर एकच गोष्ट सुचत होती. सकाळी मी लिहिलं, "व्हाळाच्या पलीकडे हाक ऐकू जाते. त्या बाईनेही ऐकली असेल. तिला विचारा."

साहेबांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग त्यांनी मला वकिलीतला एक नियम सांगितला. समोरच्या साक्षीदाराला असा प्रश्न कधी विचारू नये, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही. "ती नाही म्हणाली तर? मग तुझ्या चौघींनी ऐकलं म्हणून सांगितलं तरी कोर्ट म्हणेल, पलीकडे कशी ऐकू गेली नाही? बाबल्याची दहा वर्षं जातील, एका प्रश्नापायी."

साहेबांशी मी पहिल्यांदाच तोंडानं बोलले. म्हटलं, "ती खोटं बोलणार नाही, साहेब. चेहरा पाहिला नाही, तर नाही म्हणाली ना ती."

साहेबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली. कशी हलवली ते मला कळलं नाही.

ओरोसच्या कोर्टात तिच्या साक्षीची तारीख लागली. आमच्या चौघींची पाळी नंतर येणार होती, पण काशीकाकी म्हणाली, जागा बघून ठेवलेली बरी. ती लग्नातलं लुगडं नेसून आली होती आणि एसटीत वाटभर आपली साक्ष म्हणत होती. "नाव काशी. माजा वय साठ. मी न्हात होतंय." कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी तिनं तेच सांगितलं.

असली केस बंद दाराआड चालते. आत फक्त जजसाहेब, वकील, आरोपी, ती बाई आणि कोर्टाची माणसं. आम्हाला शिपायानं व्हरांड्यात बसवलं. बाकावर इतर केसेसच्याही बायका होत्या, आणि दारापाशी एक पोलीसबाई काठी घेऊन उभी. सरू जमिनीवर बसून आपल्या बांगड्या फिरवत होती. आत काय चाललंय काही कळत नव्हतं. घटकाभर गेली. आणखी घटकाभर.

मग बंद दारातून हाक आली.

आधी अगदी हळू, घसा साफ केल्यासारखी. मग कुणीतरी काहीतरी बोललं. आणि मग पूर्ण जोरानं, "माडार चडतंय होऽऽऽ", शेवटी आवाज फाटलेला.

मी पाहिलं तेव्हा मी खांबामागे होते. कशी गेले ठाऊक नाही. काशीकाकी रेकॉर्डच्या खोलीत शिरली होती आणि तिथल्या कारकुनाला "वायच सर रे" म्हणत होती. बाकावरच्या अनोळखी बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पोलीसबाईनं काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी शर्टाची कॉलर आवळली होती. ती म्हणाली, "आमच्या वाडीत पण मारतत." व्हरांड्यात एक सरूच तेवढी जागची हलली नव्हती. ती बंद दाराकडे बघत हसत होती आणि डोळे पुसत होती. किती महिन्यांनी तिनं ती हाक ऐकली होती.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी पाणी मागितलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. जे सांगितलं ते मी वाडीत कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी तो प्रश्न विचारला होता. ती बाई लगेच म्हणाली, हो, पाडेल्याची हाक आली होती. तोवर तिला ते कुणी विचारलंच नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, पाडेली काय एकच आहे? जजसाहेब घाटावरचे. त्यांना आधी माडावर चढताना ओरडायचं कशाला हेच समजेना. ते समजल्यावर त्यांनी बाबल्याला सांगितलं, मारून दाखव. बाबल्यानं विचारलं, "हंय माड खंय आसा?" माड नसताना हाक मारणं त्याला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यानं मारली. त्या बाईनं पदर ओढला आणि जजसाहेबांकडे पाठ करून उभी राहिली. टाइप करणारी बाईही उठली होती.

मग ती बाई तशीच, भिंतीकडे तोंड ठेवून बोलली. "हीच. ही आली तेव्हा त्या माणसाचा हात माझ्या तोंडावर होता. मी मनात म्हटलं, पाडेली वर आहे, त्यानं खाली बघितलं तर दिसेन मी. पण हाक मारल्यावर तो कधी खाली बघत नाही."

एवढं सांगून साहेबांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला. मग काशीकाकी आली आणि म्हणाली, "माका कदी बोलयतले?" साहेब म्हणाले, आता तुमची गरज पडेल असं वाटत नाही. काशीकाकीचा चेहरा पडला तो एसटी मालवणला येईपर्यंत वर आला नाही. "येवढा पाठ केललंय," ती मला म्हणाली.

पुढच्या तारखांनंतर बाबलो सुटला. साहेबांनी जिंकलेल्या केसेसमध्ये पेढ्याला मुंग्या न लागलेली ही एक. खरा माणूस कोण, ते मात्र पोलिसांना कधी कळलं नाही. ते आजही सलतं.

बाबलो घरी आला, पण माडावर चढेना. आत कोर्टात तिचे शब्द त्यानंही ऐकले होते. सरू सांगायची, जेवतानाही मध्येच म्हणतो, "मी खाली बघलंय नाय गो." महिन्यानं तो काशीकाकीच्या अंगणात येऊन उभा राहिला. आम्ही सगळ्या होतो. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी हाक मारतलंय, ती मारतलंयच. पण आता तुमी 'ओ' देवा. सगळ्यांचे 'ओ' इले की चडतलंय. एखादो इलो नाय, तर बघतलंय."

"मोज बाबा," काशीकाकी म्हणाली. "आमी काय कोंबडी आसंव, मोजूक?" पण दुसऱ्या दिवशी पहिली ओ तिचीच आली, अशी की समुद्रावरची माणसं बघायला लागली.

आमच्या बाजूला पाच घरं. बाबल्यानं चार ओ मोजल्या आणि माडाच्या बुडाशी थांबला. "एक कमी हा."

मी साबणाचं डोकं घेऊन झापांआड उभी होते. मी ओ दिली होती. दोनदा दिली होती. ती मलाच ऐकू आली नव्हती.

"ती वकिलाकडची असतली," काशीकाकी आपल्या न्हाणीतून ओरडली. "तिका चिठी धाड."

चौघी हसल्या. मग मी दिली. पहिल्यांदा वाडीभर ऐकू जाईल एवढी. बाबलो चढला.

पुढच्या काजूच्या हंगामात एका सकाळी त्यानं हाक मारली. आमच्या पाच ओ गेल्या. तो अर्ध्या माडावर पोचला असेल, तेव्हा व्हाळाच्या पलीकडून सहावी आली. बाईचा आवाज, जरा उशिरा, पण स्पष्ट. बाबलो होता तिथंच माडाला मिठी मारून थांबला. मग त्यानं पुन्हा एकदा हाक मारली, आणि पलीकडून पुन्हा ओ आली.

काशीकाकी त्या वेळी काही बोलली नाही. म्हणूनच मी हे लिहून ठेवलं.